जिभेला वळण

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी आज दुकानात जाहीर केलं. सोळा तारखेला, रविवारी, स्टाफची पिकनिक. तळ्याकाठची बाग. सहकुटुंब. गेल्या वर्षी केटरर बोलावला होता. त्याचे सगळे पदार्थ एकाच रंगाचे होते. तो रंग कुणी माझ्याकडे भिंतीसाठी मागितला असता तर मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. म्हणून यंदा पॉटलक. घरटी एक पदार्थ, ज्याने त्याने आपला आणायचा.

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या. (भोंगा म्हणजे आमचा गोडाऊन-कीपर. नाव मीच ठेवलंय. तळघरातून तो वरच्या काउंटरशी फोनशिवाय बोलतो.) त्याला विचारलं, पॉटलक म्हणजे काय ते कळलं का? म्हणाला, सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं, त्यात काय कळायचंय?

हेच ते. ‘खायचं.’ चाखायचं नाही. खायचं.

रंगाच्या दुकानात शेड सेक्शन मी एकट्याने सांभाळतो. पांढऱ्याच्या चौदा शेड मला नुसत्या नजरेने ओळखता येतात. गिऱ्हाइकाला चौदाही सारख्याच दिसतात, आणि वर तो माझ्याकडे असा बघतो की जणू आंधळा मीच. जे डोळ्यांचं तेच जिभेचं. बारीक फरक कळतो तो माणूस. बाकीचे नुसते भुकेले.

संकल्प: या पिकनिकला आख्ख्या स्टाफच्या जिभेला वळण लावायचं. कुणीतरी हे करायला हवंच होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी डबे उघडल्यावर निरीक्षण केलं. इलाज करायचा तर रोग आधी बघायला हवा.

साहेब टोमॅटोवर साखर घालून खातात. उकडलेल्या अंड्यावरही. आणि डोळे मिटून खातात, म्हणजे आपण काय केलंय ते बघायची जबाबदारीही नाही.

बिलिंगबाईच्या पर्समध्ये सॉसची बाटली असते. भात, ब्रेड, फरसबी, सगळ्यावर सॉस. मग डबा आणायचाच कशाला? बाटलीला स्ट्रॉ लाव आणि मोकळी हो.

भोंगा डब्यातलं सगळं झाकणात एकत्र ओततो आणि बांधकामावर माल कालवतात तसं कालवतो. मी म्हटलं, बायकोने वेगवेगळं भरून दिलंय त्याला काही कारण असेल ना? म्हणाला, पोटात जाऊन एकच होतं, मी जरा आधी करतो. यावर बिलिंगबाई इतकी हसली की बाटली कलंडली. सॉस माझ्या बाहीवर.

माझा डबा: उकडलेला बटाटा, दह्यातली काकडी, भात. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. साहजिक आहे. लख्ख उजेडाकडे माणसाला थेट बघवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझा पदार्थ ठरला. पांढरं बेक. फ्लॉवर, बटाटा, दूध, लोणी, वर थोडं चीज, चिमूटभर मीठ. बस. झणझणीत काही नाही, वासाचं काही नाही. लपायला जागाच नाही अशी चव. आमच्याकडे दर बुधवारी असतं. ही करते, मी सूचना देतो.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं. मग म्हणाली, मीही माझं एक काहीतरी आणू का? मी समजावून सांगितलं की नियम घरटी एक असा आहे आणि आपल्या घराचा पदार्थ ठरलेला आहे. ही म्हणाली, बरं.

हिच्या ‘बरं’मध्ये फार समाधान असतं. सुखी बाई आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संताप. चष्मा विसरलो म्हणून दुपारी अचानक घरी आलो तर खालच्या जिन्यापासून भाजलेल्या मिरचीचा ठसका. व्हिनेगर, तेल, काय काय. दोन मजले शिंकत चढलो. हे काम कुणाचं ते मला लगेच कळलं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त इंजिन-ड्रायव्हर एकटे राहतात. आयुष्य वाफेत गेलेलं, नाजूकपणा येणार कुठून?

बेल मारली. दारातच सुनावलं. म्हटलं, अन्न ही खाजगी गोष्ट आहे, जिन्यात तिची मिरवणूक काढू नये. म्हातारा शांतपणे ऐकत होता. नजर मात्र सारखी माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे. शेवटी म्हणाला, वास झकास आहे हो, पण माझा नाही. माझे दात काढलेत, मी ब्रेड-दुधावर आहे.

या वयात इतकं सराईत खोटं!

आमच्या घरात तर कहर. वास पडद्यांपर्यंत शिरलेला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा पूर्ण वेगात, हिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि डोळे लाल. बिचारी. दुसऱ्याच्या फोडणीपायी माझ्या बायकोने रडायचं? तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी त्याला दम देऊन आलोय. हिने तोंडाला पदर लावला. गहिवरली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

एक अडचण. बुधवारच्या बेकवर करडे डाग होते. हिला म्हटलं, हे बेक आहे की मांजर? पिकनिकला तत्त्वाचा प्रश्न आहे, हात नेमका हवा. तुझा हात अलीकडे जाड झालाय. ही म्हणाली, मग तुम्हीच करा ना. आणि ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. फार पटकन दिला.

ठीक आहे. मीच करणार. अवघड काय आहे त्यात? इतकी वर्षं सूचना मीच देतोय. हात तेवढे तिचे होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रंगीत तालीम. (इथे ‘रंगीत’ हा शब्द गैरलागू आहे.)

दूध दोनदा लागलं. भांडं मुळात चुकीचं होतं. फ्लॉवर बाहेरून शिजला, आतून त्याने सहकार्य केलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र जमलं. रंग अप्रतिम. आमच्या कार्डातला सात नंबरचा पांढरा, तंतोतंत.

लेकीला चाखायला दिलं. कॉलेजात जायला लागल्यापासून तिची जीभ बिघडली आहे, सर्व अर्थांनी. म्हणाली, बाबा, हे खायचंय की भिंतीला लावायचंय? मी म्हटलं, नीट चाख, चव हळूहळू येते. ती म्हणाली, मी थांबते.

हिने एक चमचा घेतला. सावकाश गिळला. म्हणाली, तुम्ही सांगता अगदी तसंच झालंय.

याहून मोठी पावती कुठली? मी स्वतः खाल्लं तेव्हा किंचित काहीतरी हुकल्यासारखं वाटलं. दूध बदलायला हवं. दूधवाला पाणी घालतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्टाफच्या ग्रुपवर मार्गदर्शन टाकलं. एकूण सात मुद्दे. फिक्याकडून गडदाकडे जावं. दोन पदार्थांच्या मध्ये पाण्याने चूळ भरावी. चावताना बोलू नये. सॉस घरी ठेवावा. वगैरे.

एक अंगठा आला, साहेबांचा. लगेच गेलासुद्धा. बहुतेक चुकून दाबला गेला. मग भोंग्याने विचारलं, चूळ तळ्यात टाकायची का? त्यावर अकरा जण हसले. अंगठा नाही, मजकूर नाही, नुसते हसरे चेहरे. शाळेत असताना या लोकांना फळ्यासमोर उभं केलं असणार, वर्गाकडे पाठ करून.

नाउमेद नाही. उलट जोर आला आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बेक तयार. भांड्यापुढे लावायला छोटं कार्ड लिहिलं: ‘सौम्य. सावकाश खावे.’ अक्षर सुरेख आलं आहे.

लवकर झोपणार. जिभेला विश्रांती. ही म्हणाली, तुम्ही झोपा, मला थोडी आवराआवर आहे. उद्या पिकनिकमध्ये हिला माझ्या शेजारी बसवीन. श्रेयाचा वाटा मिळायला हवा. भांडी तिनेच घासली.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

आज काही लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहितो. सत्याची नोंद राहायला हवी, नाहीतर उद्या कोणी काहीही सांगेल.

बाग बरी होती. झाडाखाली लांब टेबल. मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि येतील तसा पदार्थांचा क्रम लावला: माझं बेक पहिलं, कार्डासकट. मग साहेबांचं टोमॅटो-सॅलड (साखर वरून भुरभुरलेली, शरमेचा लवलेश नाही). बिलिंगबाईचे नूडल्स, सॉसमध्ये बुडून मेलेले. भोंग्याच्या कोंबडीच्या तळलेल्या तंगड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, बातम्यांसकट. आणखी कुणाचं काय काय. आणि अगदी शेवटी एक स्टीलचा डबा. नाव नाही, गाव नाही. झाकण उघडलं तर आत लालभडक तेलात भरलेल्या मिरच्या. अख्ख्या. पोट फाडून आत दाण्याचं कूट, व्हिनेगर, काय काय कोंबलेलं. मी झाकण परत लावलं आणि डबा टेबलाच्या पार टोकाला सरकवला.

जेवण सुरू झालं आणि सगळे त्या टोकाला.

मी जे पाहिलं ते लिहितो. साहेब उभ्या उभ्या मिरची खात होते. घामाघूम. बाप रे, बाप रे म्हणत होते आणि पुढची उचलत होते. डोळे उघडे! बिलिंगबाईने पर्समधून बाटली काढली, एक मिरची नुसती खाल्ली, आणि बाटली परत पर्समध्ये ठेवली. भोंगा गप्प झाला. भोंगा! तोंड मिटून, मान खाली घालून, हळूहळू चावत होता. चोखंदळ माणसासारखा. मी वीस वर्षांत त्याला असा पाहिलेला नाही.

माझ्या बेकपाशी कोण आलं? साहेबांच्या मिसेस. अय्या, कस्टर्ड! म्हणाल्या आणि वर केळ्याच्या चकत्या घातल्या. मग एक घास घेऊन बराच वेळ तळ्याकडे बघत राहिल्या. बशी झाडाच्या मुळाशी ठेवून दिली. तिथे एक कुत्रं होतं. त्याने केळं खाल्लं.

आता यापुढे गप्प बसणं म्हणजे तत्त्वाशी बेइमानी झाली असती. मी बाकावर चढलो. एक मिरची देठाला धरून वर केली. बोललो ते साधारण असं: मित्रहो, हे अन्न नव्हे, ही मारामारी आहे. ज्याने हे केलंय त्याला जीभ नाही. ज्याच्या जगण्यात काही चव नाही तोच माणूस ताटात अशी आग लावतो. आणि याला घरात कुणी विचारत नसणार, म्हणून चारचौघांत हा आरडाओरडा.

हे सगळं मी भोंग्याकडे बघून म्हणालो. डबा त्याचाच असणार याबद्दल मला शंका नव्हती.

कुणी हसलं नाही. भोंगा गवताकडे बघत होता. साहेब खोकले. मला वाटलं, मुद्दा पोचला.

तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला: मी केलंय.

ही होती. ताट मांडीवर, हातात देठ. ओठ लाल, कपाळावर घाम, आणि चेहरा असा टवटवीत की क्षणभर मला ओळखूच आली नाही. मी बाकावर. ही खाली.

मग ही म्हणाली, आणि घरात कोणी विचारत नाही, ते खरंय.

असं म्हणून पुढची मिरची घेतली. चिडली नव्हती. चिडली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं.

भोंगा एकदम हळू आवाजात म्हणाला, वहिनी, अजून आहेत का हो?

मी बाकावरून उतरलो. प्रसंग सावरायला म्हटलं, पहिला प्रयत्न म्हणून वाईट नाही. तर लेक सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, पहिला कुठला? आई दर शुक्रवारी करते. तू दुकानात असतोस. समोरच्या आजोबांनाही माहितीये. वासावरच ते चार घास ब्रेड जास्त खातात.

येताना बेकचं भांडं माझ्या मांडीवर होतं. भरलेलं, केळ्यासकट. रिकामा डबा हिच्या मांडीवर. गाडीत लेक आणि ही गाणी म्हणत होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विचारपूर्वक निर्णय: घरात कोणाशी बोलायचं नाही. मौनासारखं शस्त्र नाही.

समोरच्या म्हाताऱ्याची माफी मागावी का, याचाही विचार केला. नाही. वास झकास आहे असं तो म्हणाला होता. म्हणजे तोही सामील. आज जिन्यात भेटला तेव्हा मी छताकडे बघत गेलो. त्याने दार धरून ठेवलं. मुद्दाम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मौनाचा तिसरा दिवस. संध्याकाळी लेकीने विचारलं, बाबा, घसा बसलाय का? म्हणजे यांना आत्ता कळलं. आणि कळलं तेही चुकीचं.

मौन सोडलं, कारण हिने एक घोषणा केली. म्हणाली, मी आता एकच स्वयंपाक करणार, माझ्या चवीचा. रोज दोन चवी करून हात दुखतात. तुमचं तुम्ही करत जा, तुम्हाला येतं की.

दोन चवी! म्हणजे शुक्रवारच नव्हे. मी म्हटलं, माझ्या पाठीमागे? ही म्हणाली, पुढ्यात करू दिलं असतं का?

उत्तर होतं माझ्याकडे. पण ही तोवर आत गेली होती.

छानच झालं. आता शुद्ध खाणार. मध्यस्थ नको.

२२ फेब्रुवारी, शनिवार

न्याहारी: उकडलेलं अंडं. फुटलं.
डबा: बटाटा. थोडा कच्चा. कच्च्या बटाट्याला स्वतःचं एक व्यक्तिमत्त्व असतं.
रात्री: दूध-भात.

शेजारच्याच गॅसवर हिने काहीतरी परतलं. लसूण, कांदा, चर्र. मी नाक मुरडलं. मग नाकच वाहायला लागलं. लेक तीन वेळा वाढून घेते, असं मी मोजलं नाही, दिसलं.

दुकानातही वातावरण बिघडलं आहे. भोंगा रोज एक रिकामी बरणी आणून माझ्या काउंटरवर ठेवतो. वहिनींना द्या. आज साहेब स्वतः शेड सेक्शनला आले. ते सहसा येत नाहीत. मी कार्ड नीट लावली, उभा राहिलो. बढतीचा विषय काढतील असं वाटलं. म्हणाले, मिसेस विचारत होती, व्हिनेगर आधी घालायचं की नंतर?

मी म्हटलं, माहीत नाही. आयुष्यात मी हे वाक्य साहेबांसमोर पहिल्यांदा बोललो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोकं हलकं वाटतंय. शुद्ध आहाराचा परिणाम. पँट सैल झाली. उत्तम.

पिकनिकच्या बेकचीच कृती परत केली, नवीन दूध, नवीन लोणी. रंग पुन्हा तंतोतंत. खाल्लं. मीठ घातलं. पुन्हा खाल्लं. पुन्हा मीठ. शेवटी नुसतं मीठ लागायला लागलं. फ्लॉवरचं पीक यंदा खराब दिसतंय.

ही करायची तेव्हा फ्लॉवर चांगला यायचा. योगायोग.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक गिऱ्हाईक आलं, हातात भिंतीचे दोन पोपडे. म्हणे, निम्मी खोली एका पांढऱ्यात आणि निम्मी दुसऱ्यात झाली. शेड मी दिली होती. आठच्या जागी नऊ नंबर.

मी म्हटलं, ट्यूबलाइटचा दोष. तो म्हणाला, माझ्या पाच वर्षांच्या पोरीला दिसतंय. भोंगा तळघरातून वर आला, त्याने दोन्ही पोपडे उन्हात धरले आणि म्हणाला, नऊ आहे हा.

भोंग्याने! झाकणात जेवण कालवणाऱ्या माणसाने!

साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, जेवलात का? बिलिंगबाईने तिच्या डब्यातला ब्रेड पुढे केला. वर सॉस होताच. मी नाही म्हणालो. मग खाल्ला. शिष्टाचार म्हणून. दोन खाल्ले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विजय.

घरी आलो तर कुणी नाही. ही आणि लेक हिच्या बहिणीकडे गेलेल्या. टेबलावर झाकलेलं भांडं. उघडलं. पांढरं बेक. हिने केलेलं. वर करडे डाग.

बसलोही नाही. चमचाही मोठाच घेतला, वाढायचा. काय चव! दुधाला एक खोली. बटाट्याच्या मागे काहीतरी हलकेच येतं, जिभेच्या कडेला टेकतं आणि निघून जातं. मऊ, पण पोकळ नाही. हेच तर मी सगळ्यांना सांगत होतो! हेच! आख्खं भांडं संपवलं. कडा खरवडल्या. मग दोन मिनिटं ओट्याला टेकून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. तत्त्व सिद्ध झाल्याचं.

थोडक्यात: सौम्य चव हीच खरी, हे आज निर्विवाद ठरलं. आणि हिला ते मनातून मान्य आहे, म्हणून तर केलं. मिरच्या वगैरे एक खूळ होतं. उद्या सकाळी मोठ्या मनाने विषय काढीन. माफीची अपेक्षा ठेवणार नाही. तिने स्वतःहून मागितली तर अडवणारही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

चहाच्या वेळी विषय काढला. म्हटलं, कालचं बेक उत्कृष्ट होतं. तुलाही शेवटी पटलं ना?

ही म्हणाली, फ्लॉवर उरला होता, वाया जायला नको म्हणून केलं.

मी म्हटलं, माझ्या बेकमध्ये आणि तुझ्यात जिन्नस तेच. मग माझं तसं का होत नाही? जरा हाताची पद्धत सांग.

ही खुर्ची ओढून समोर बसली. आजारी माणसाजवळ बसतात तशी. म्हणाली, जिन्नस तेच नाहीत. दुधात आधी कांदा टाकते, अर्धा. चार-पाच लसूण पाकळ्या. मिरे, लवंग, आणि एक हिरवी मिरची चीर देऊन. चांगलं उकळते. मग फडक्यातून गाळते आणि चोथा टाकून देते. म्हणजे तुम्हाला दिसत नाही. मिऱ्याचे चार करडे डाग उतरतात, तेवढेच.

मी विचारलं, कालच्याच बेकमध्ये ना?

म्हणाली, सगळ्याच. बटाटे उकडते त्या पाण्यातसुद्धा.

मी विचारलं, कधीपासून?

म्हणाली, लग्न झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

मला यात एक फट दिसली. म्हटलं, म्हणजे पहिला आठवडा तू मी सांगितलं तसंच केलं होतंस! तेव्हा तर मी काही तक्रार केली नव्हती!

ही म्हणाली, केली होती. ताट सरकवून दिलंत. म्हणालात, याला काही चव नाही.

मी पेपर उघडला. बराच वेळ वाचला. आतल्या पानांपर्यंत गेलो.

ही कप उचलायला आली तेव्हा म्हणाली, अहो, कालचा आहे तो.